वेलांटी कुठे गेली?

तेलंगणातल्या मंचेरियलमध्ये झेरॉक्सच्या दुकानात बसून आयटीआय झालेला एखादा फिटर बायोडेटा करून घेतो, तेव्हा त्याला पडद्यावर एकच पान दिसतं. खरं तर तिथे दोन असतात: एक डोळ्यांना दिसणारं, दुसरं आतलं. मोठ्या कंपनीकडे ऑनलाइन अर्ज केला, की बरेचदा माणसाच्या आधी सॉफ्टवेअर तो चाळतं. आणि ते वाचतं हे आतलं पान.

काय असतं त्यात? पीडीएफमध्ये शब्द असे नसतातच. असते नुसती नोंद: अमुक फॉन्टमधलं अमुक क्रमांकाचं चिन्ह, पानावर अमुक जागी. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा पुष्कळदा नोंदलेली नसते. सॉफ्टवेअर चिन्हांमधलं अंतर मोजतं आणि ठरवतं, इथे शब्द संपला असावा. ओळी, रकाने, सगळा अंदाजच! म्हणून दोन रकान्यांचा देखणा बायोडेटा कधी कधी आडवा वाचला जातो, आणि डावीकडच्या ‘दोन वर्षं अनुभव’ला उजवीकडचं ‘क्रिकेट’ जाऊन चिकटतं. बायोडेटा इंग्रजीत असला तरी हा घोळ होतोच.

आपल्या लिपीत त्यावर कडी. ‘फिटर’ लिहा. डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, फ नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात, मात्र उच्चाराप्रमाणे फ आधी, वेलांटी मागून. पीडीएफमधून शब्द उचलताना हा क्रम उलटला, की हाती येतं ‘िफटर’. मग ‘फिटर’ शोधणाऱ्याला हा फिटर सापडेल कसा? तेलुगूत हीच वेलांटी अक्षराच्या डोक्यावर बसते.

दिसायला इतक्या वेगळ्या या लिप्या, पण आतून बघा. युनिकोडमध्ये आपल्या म चा क्रमांक २३५०, तेलुगू म चा ३११८. फरक ७६८. च, र, य, ल, कुठलंही घ्या, तोच ७६८. वर्णमाला एकच, म्हणून ‘इस्की’ या भारतीय मानकाने लिप्यांची मांडणी समांतर ठेवली आणि युनिकोडने ती उचलली. ‘मंचेरियल’मधल्या प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकात ७६८ मिळवा, अख्खा शब्द तेलुगू लिपीत उमटतो! मला हे अजूनही जादूसारखं वाटतं.

पुन्हा बायोडेटाकडे येऊ. ‘मेहनती, प्रामाणिक’ असं कुणी शोधत नाही. सिंगरेणीच्या खाणपट्ट्यात काम केलेल्या फिटरने कन्व्हेअर बेल्ट, पंप, किती वर्षं, हे लिहावं. बल्लारशाची गाडी धरून चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यात जायचं असेल, तर आपल्याला येणाऱ्या कामाला त्यांच्या जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरावा. एकच रकाना, साधा युनिकोड फॉन्ट.

आणि पाठवण्याआधी सगळा मजकूर निवडून, कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकावा. तिथे उमटतं ते साधारण आतलं पान. पीडीएफ म्हणजे मोबाइलवर काढलेला नुसता फोटो असेल, तर नोटपॅड कोरंच राहतं. पडद्यावर नाव, शिक्षण, अनुभव सगळं दिसत असतं. आत एकही अक्षर नसतं.