खेचरगाडीतली शेतीशाळा आणि पगाराचा न्याय

सरकारची शेतीयोजना गावात पोहोचली, असे कागद सांगतो. ती कोणाच्या बांधापर्यंत पोहोचली, हे मात्र योजना आणणारा माणूस कोणाच्या दारी थांबतो यावर ठरते. म्हणून अमेरिकेतील थॉमस मनरो कॅम्पबेल यांचे जीवन आपण समजून घेतले पाहिजे.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्याच १८८३ साली जॉर्जिया राज्यात एका गरीब कृष्णवर्णीय घरात ते जन्मले. गुलामगिरी १८६५ सालीच कायद्याने संपली होती. पण जमीन गोऱ्याची, उधारी गोऱ्या दुकानदाराची आणि घाम काळ्याचा, ही रीत कायम होती. शिक्षणाच्या ओढीने कॅम्पबेल घर सोडून पायीच अलाबामातील टस्कीगी संस्थेत गेले.

ही संस्था बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उभारली. राजकीय हक्कांबाबतची त्यांची मवाळ भूमिका आम्हाला पटत नाही. पण शेतकरी शाळेत येऊ शकत नसेल तर शाळाच त्याच्या वावरात न्यावी, हा त्यांचा विचार मोलाचा होता. १९०६ साली शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या आराखड्याप्रमाणे खेचरगाडी तयार झाली. तीत नांगर, बियाणे, लोणी काढण्याचे यंत्र असे साहित्य होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय कृषी खात्याने कॅम्पबेल यांना नेमले. ते त्या खात्याचे पहिले कृष्णवर्णीय कृषी प्रसारक.

भाषण ठोकून पुढे जाणे ही त्यांची पद्धत नव्हती. शेतकऱ्याच्याच रानात खोल नांगरट करून दाखवायची. नुसत्या कापसावर विसंबू नका, घरच्या ताटासाठीही पिकवा, हे समजवायचे. पुढे गाडीत परिचारिकाही आली. १९२३ साली जो नवा मोटारट्रक आला, त्यासाठी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी वर्गणी दिली.

पण व्यवस्था बदलली का? १९१४ च्या कायद्याने कृषी प्रसाराला मोठा निधी मिळाला. दक्षिणेत तो गोऱ्यांच्या महाविद्यालयांच्या हाती गेला. कृष्णवर्णीय प्रसारक वेगळ्या शाखेत, गोऱ्या संचालकाच्या हाताखाली, कमी पगारावर राबले. कॅम्पबेल १९५६ साली वारले, तेव्हाही ही विभागणी होती.

१९६४ चा नागरी हक्क कायदा झाल्यावर १९६५ साली नॉर्थ कॅरोलिनात दोन शाखा एक झाल्या. पगारातील जुनी तफावत मात्र तशीच राहिली. 'अन्याय कायद्यापूर्वीचा आहे,' असा बचाव झाला. 'बेझमोर विरुद्ध फ्रायडे' या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. समान काम करणाऱ्या काळ्याला रंगामुळे कमी रक्कम देणारा प्रत्येक पगार हा नवा अन्याय आहे, असे न्यायालयाने मानले. मात्र त्याच निकालात ग्रामीण मुलामुलींची गोरी-काळी वेगवेगळी मंडळे 'स्वेच्छेची' ठरवून बहुमताने तशीच राहू दिली. म्हणजे विजय अर्धाच!

कायद्याचे विद्यार्थी म्हणून आम्ही यातून एक गोष्ट घेतो. त्या लढाईत पगारपत्रकांतील आकडे साक्षीला उभे राहिले. कृषी खात्यात गावपातळीवर राबणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी आपल्या नेमणुकीचा, बढतीचा, पगाराचा प्रत्येक कागद जपावा. आणि कॅम्पबेल यांच्यासारखे, ज्या वस्तीकडे कोणी फिरकत नाही तिथे आधी जावे.