सवय ओळखावी, मग साधन निवडावे

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल हे प्रसिद्ध ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासून जमत आलेल्या या संग्रहाला सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी खरे वैभव प्राप्त करून दिले. ताडपत्रांवरील आणि कागदांवरील हजारो हस्तलिखिते जेथे जतन केली आहेत, तेथे एखादी ठिणगीही अनर्थास कारण होऊ शकते. अशा ठिकाणी धूम्रपानास मज्जाव असावा हे स्वाभाविकच होय. २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार तर देशातील सर्वच सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई असून, नियमभंगाबद्दल दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

राजवाडा पाहावयास आलेल्या तीन धूम्रपान करणाऱ्या व्यक्तींची कल्पना करावी. दरबार, कलादालन आणि ग्रंथालय पाहण्यात दोन तास गेले. पहिला मनुष्य तासाभरातच अस्वस्थ होतो आणि बाहेर पडताच काडी ओढतो. दुसऱ्याला दुपारचे जेवण होईपर्यंत सिगारेटची आठवणही होत नाही. तिसरा आवारात शांत असतो; पण समोरच्या उपाहारगृहात कॉफीचा पेला पुढे आला की त्याचा हात आपोआप खिशाकडे वळतो. तिघेही लोकांच्या दृष्टीने ‘सिगारेट ओढणारे’च, तथापि तिघांच्या सवयी भिन्न आहेत. म्हणूनच ती सवय सोडविण्याचा उपायही तिघांना एकच लागू पडेल असे नाही.

अलीकडे या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. परदेशातून येणारे नातलग इलेक्ट्रॉनिक सिगारेट नावाचे साधन दाखवतात आणि सिगारेटऐवजी हे घ्यावे काय, घ्यावयाचे झाल्यास कोणते, असे विचारले जाऊ लागते. या प्रश्नाचे उत्तर उपकरणापाशी नसून ते वापरणाऱ्याच्या सवयीपाशी आहे.

रोग्याची नीट पाहणी करून मग उपाय योजावा, हे तत्त्व तंजावूरला नवे नाही. सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था स्थापन केली होती. देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांचा तेथे अभ्यास होत असे. राजांच्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी आजही उपलब्ध असून त्यांत रोग्यागणिक लक्षणे, उपचार आणि डोळ्यांची चित्रे आढळतात. औषध तेच असले तरी रोगी निराळा आहे, याची जाणीव अशा नोंदींमागे असते. तंबाखूच्या बाबतीतही नेमकी हीच जाणीव उपयोगी पडते.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती भारतात आली. असद बेग हा अकबराचा सरदार १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतताना तंबाखू व चिलीम घेऊन आला आणि त्याने ती बादशहाला नजर केली. अकबराने थोडे झुरके घेतले. दरबारच्या हकिमाने मात्र या अपरिचित वस्तूला हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखू ओढण्यास बंदी केली, पण ती टिकली नाही. त्याच विजापूरच्या चाकरीत असलेल्या व्यंकोजी राजांनी १६७५ च्या सुमारास तंजावूर घेतले, तोपर्यंत तंबाखू देशभर रुजली होती. बंदीचा हुकूम सुटणे सोपे आणि सवय सुटणे कठीण, हा अनुभव असा चारशे वर्षांचा आहे.

सवय इतकी चिवट का असते? तंबाखूच्या पानात निकोटीन नावाचे द्रव्य असते. जर्मनीत हायडेलबर्ग येथे १८२८ मध्ये ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. धुरावाटे फुप्फुसांत गेलेले निकोटीन अवघ्या दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर बरे वाटते. त्याचे रक्तातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. मग अस्वस्थता, चिडचिड आणि पुन्हा झुरका. राजवाड्यात तासाभरातच बेचैन झालेल्या पहिल्या मनुष्याची अवस्था ही अशी असते.

तथापि एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. मनुष्य निकोटीनसाठी सिगारेट ओढतो. परंतु त्याचा जीव प्रामुख्याने धुरामुळे जातो. झुरका घेताना सिगारेटच्या पेटत्या टोकाचे तापमान सुमारे नऊशे अंश सेल्सियसपर्यंत चढते. या ज्वलनातून हजारो रासायनिक द्रव्ये निर्माण होतात. त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगास कारणीभूत ठरणारी आहेत. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करतो. निकोटीन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याचे व्यसन जडते आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूस ते अपायकारक असते. पण धूर टाळून निकोटीन देता आले, तर सवय हळूहळू सोडविता येईल, या विचारातून पर्यायी साधने जन्माला आली.

त्यांपैकी निकोटीनयुक्त चघळगोळीची कथा बोधप्रद आहे. पाणबुडीवर धूम्रपान करता येत नसे, तेव्हा स्वीडनचे खलाशी तंबाखू चघळून गरज भागवीत. या निरीक्षणावरून ओव्ह फर्नो या स्वीडिश संशोधकाने निकोटीनचा गम तयार केला आणि १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली. इलेक्ट्रॉनिक सिगारेट त्यानंतरची. होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ मध्ये तिचे आधुनिक रूप सिद्ध केले.

इलेक्ट्रॉनिक सिगारेटची रचना अवघड नाही. तिच्यात एक बॅटरी, तारेचे एक वेटोळे, वात आणि द्रव असतो. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरिन, सुवासिक द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. तार तापली की वातीतील द्रवाचा सूक्ष्म फवारा बनतो आणि तो श्वासावाटे आत घेतला जातो. येथे काही जळत नाही. म्हणून डांबर व कार्बन मोनॉक्साइड तयार होत नाहीत, किंवा अत्यल्प प्रमाणात होतात. पण हा फवारा म्हणजे निव्वळ पाण्याची वाफ, ही समजूत मात्र चुकीची आहे.

ज्या देशांत या साधनाची विक्री कायदेशीर आहे, तेथे निवड करताना सवयच पाहिली जाते. उठल्याबरोबर सिगारेट पेटविणाऱ्या आणि दिवसाकाठी वीस ओढणाऱ्या मनुष्याने फार सौम्य द्रव घेतला, तर त्याची तलफ भागत नाही. तो वारंवार झुरके घेतो आणि अखेर सिगारेटकडे वळतो. त्यास आरंभी अधिक निकोटीनचा द्रव आणि सिगारेटप्रमाणे धूर आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढता येईल असे साधन सुचविले जाते. दिवसातून चार-पाच ओढणाऱ्यास सौम्य द्रव पुरतो. युरोपीय संघात द्रवातील निकोटीनची मर्यादा दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. एकदा वापरून फेकून देण्याच्या साधनांवर ब्रिटनने १ जून २०२५ पासून बंदी घातली आहे.

या साधनाचा उपयोग होतो काय? इंग्लंडमधील ८८६ व्यक्तींच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर इलेक्ट्रॉनिक सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के, तर गम, पट्टी इत्यादी घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोक सिगारेटपासून मुक्त होते. परंतु मुक्त झालेल्यांपैकी पहिल्या गटातील ८० टक्के लोक वर्षानंतरही आपले साधन वापरीतच होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटीन सुटले नाही. शिवाय कधीही सिगारेट न ओढलेल्या तरुणांना या साधनाचे आकर्षण वाटू लागले, ही निराळीच चिंता. दीर्घकालीन परिणामांचा हिशेब तर अजून पुरा व्हावयाचा आहे.

भारताने या तागडीत बंदीच्या बाजूस वजन टाकले. तमिळनाडू शासनाने २०१८ मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये संसदेने देशव्यापी कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात ही सर्व त्यान्वये निषिद्ध आहेत. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केवळ साठवणुकीसाठीही सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परदेशस्थ भाच्याने प्रेमाने आणलेली भेट म्हणूनच स्वीकारण्याजोगी नसते. चोरून विकल्या जाणाऱ्या साधनात कोणता द्रव आहे याची हमी कोणीच देत नाही, हाही धोका आहेच. सिगारेट आणि विडी मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत मिळत राहतात. ही विसंगती अनेकांना खटकते व ती खटकावी अशीच आहे. तरीही त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याचा मार्ग खुंटतो असे नाही.

कारण जे प्रश्न परदेशात उपकरण निवडताना विचारले जातात, तेच येथे औषध निवडताना उपयोगी पडतात. पहिला प्रश्न असा : सकाळी उठल्यापासून किती वेळात पहिली सिगारेट लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर अवलंबन तीव्र समजावे. अशांसाठी ४ मिलिग्रॅमचा गम, एरवी २ मिलिग्रॅमचा, असा साधारण संकेत आहे. दुसरा प्रश्न : दिवसाकाठी किती? दिवसभर ठराविक अंतराने ओढणाऱ्यास त्वचेवर चिकटवावयाची निकोटीनची पट्टी सोयीची, कारण ती संथपणे निकोटीन पुरवीत राहते. अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी तिच्या जोडीला गम घेतल्यास एकट्या साधनापेक्षा अधिक लाभ होतो. तिसरा प्रश्न : केव्हा आणि कशाबरोबर? केवळ कॉफीबरोबर ओढणाऱ्यास औषधापेक्षा जागा व वेळ बदलण्याचा उपाय अधिक लागू पडेल.

गम चघळण्याचीही रीत आहे. कावेरीकाठच्या विड्याच्या पानांचा लौकिक मोठा. त्यामुळे तांबुलाप्रमाणे गमही रवंथ करावा असे वाटण्याचा संभव आहे. तसे केल्यास निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, मळमळते आणि तलफही भागत नाही. गम सावकाश चावावा, चुरचुर जाणवू लागली की गाल व हिरडी यांमध्ये ठेवावा आणि ती ओसरल्यावर पुन्हा चावावा. कॉफी प्यायल्याने तोंडात आम्लता येते व निकोटीन नीट शोषले जात नाही. म्हणून कुंभकोणम् पद्धतीची डिग्री कॉफी आणि गम यांत निदान पंधरा मिनिटांचे अंतर असावे.

विडी ओढणाऱ्यांनी आपण यातून वगळलो आहोत असे मानू नये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी ७.७ टक्के लोक विडी ओढत होते, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के होते. विडीत तंबाखू थोडी असली तरी ती विझू नये म्हणून अधिक वेळा ओढावी लागते. तिचा धूर मुळीच सौम्य नसतो. सिगारेट सोडून पानात तंबाखू घालून खाणे हाही उपाय नव्हे. त्याने धूर टळतो, पण मुखाच्या कर्करोगाचा धोका पत्करावा लागतो.

निकोटीनच्या औषधांना २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. बुप्रोपियॉन व व्हॅरेनिक्लीन या गोळ्याही आहेत. त्या वैद्याच्या चिठ्ठीनेच घ्यावयाच्या. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी कोणतेही औषध सल्ल्यावाचून घेऊ नये. १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तेथे मार्गदर्शन मिळते.

त्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट स्वतः करावी. आठवडाभर, प्रत्येक सिगारेट पेटविण्यापूर्वी, वेळ, स्थळ आणि कारण एका कागदावर टिपावे. सरफोजी राजांच्या काळी रोग्याची नोंद वैद्य ठेवीत. येथे रोगी व नोंद ठेवणारा एकच असतो. सात दिवसांनी तो कागद वैद्यापुढे ठेवला, म्हणजे कोणते साधन, किती शक्तीचे आणि किती दिवस, हे ठरविणे फारसे कठीण राहत नाही.