खाणकामगारांची पुस्तके

इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर वाय नदीकाठी ‘हे-ऑन-वाय’ हे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर, पण जुन्या पुस्तकांची दुकाने वीसेक! मुलीकडे गेलो असता एक दिवस तिथे जाऊन आलो. आगगाडी १९६२ च्या अखेरीस बंद झाली; हेरेफर्डहून बसने जावे लागते.

रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथे जुन्या पुस्तकांचे दुकान काढले. १९७७ च्या १ एप्रिलला त्याने स्वतःला या गावाचा राजाच जाहीर केले. थट्टाच ती, पण गाव जगभर गाजले. १९८८ पासून दरवर्षी मे-जूनमध्ये मोठा साहित्य महोत्सव भरतो. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर कपाटे आहेत, दुकानदार नाही. पुस्तक घ्यायचे, पैसे पेटीत टाकायचे. आयुष्यभर पावत्या फाडलेल्या माझ्यासारख्या कारकुनाचा जीवच दडपला. आपल्याकडचे भिलार २०१७ साली याच गावावरून सुचले; मात्र तिथली पुस्तके विकायची नाहीत, बसून वाचायची आहेत.

एका दुकानात अर्थशास्त्राचे जाड पुस्तक हाती आले. पहिल्या पानावर खाणकामगारांच्या वाचनालयाचा गोल शिक्का!

दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणीतील मजुरांनी पगारातून पेनी-पेनी कापून देऊन गावोगावी वाचनालये उभारली होती. तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत गेलेला अन्युरिन बेव्हन ट्रेडेगरच्या अशाच वाचनालयात वाचून शहाणा झाला. पुढे मंत्री होऊन त्याने १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. मग खाणी बंद पडत गेल्या, घरोघर टीव्ही आला, वाचनालये ओस पडली. पुस्तके गठ्ठ्यांनी व्यापाऱ्यांकडे गेली. उरलेली वाचवण्यासाठी १९७३ साली स्वानसी येथे स्वतंत्र ग्रंथालय काढावे लागले. तोवर पुष्कळ गेले होते.

माझ्या हातातल्या पुस्तकाला मागे तारखांची चिठ्ठी होती. एका वर्षात नऊ वेळा पुस्तक घरी गेलेले. दिवसभर कोळसा खणून रात्री हे वाचणारी माणसे! चार पौंड देऊन घेतले.

परत आल्यावर आमच्या वस्तीतल्या वाचनालयात ते ठेवायला गेलो. वर्गणी आम्ही दरमहा न चुकता गोळा करतो. कपाटाची किल्ली मात्र कुणाकडे आहे, हे कळायला दोन दिवस लागले.