चित्रांना उभं करा!

आमच्या पहिल्या स्टॉलवर चार प्रिंट्स विकल्या गेल्या. त्यातली एक माझ्या मावसभावाने घेतली, तीही मावशीने पाठवलं म्हणून.

एका फेस्टमधला दोन दिवसांचा स्टॉल होता. मैत्रीण आणि मी, दोघींनी मिळून साठ प्रिंट्स काढल्या होत्या. टेबलावर छान चादर अंथरली, त्यावर प्रिंट्स पसरल्या आणि मागे खुर्च्यांवर बसून राहिलो. लोक येत होते आणि सरळ पुढे जात होते. संध्याकाळी गर्दी वाढल्यावर तर समोर दोन माणसं उभी राहिली की बाकी कुणाला आमचं टेबल दिसतच नव्हतं. स्टॉलचं भाडंही सुटलं नाही. परतताना लोकलमध्ये मैत्रीण म्हणाली, "आपली चित्रंच बेकार आहेत गं बहुतेक." त्यानंतर तीन महिने तिने स्केचबुक उघडलं नाही.

चित्रं बेकार नव्हती, ती फक्त आडवी पडली होती. साधं गणित करून बघा. टेबल जमिनीपासून साधारण अडीच फूट उंच असतं आणि चालणाऱ्याचे डोळे पाच फुटांवर. दहा फुटांवरून येणाऱ्याला टेबलावर आडवी ठेवलेली प्रिंट तिच्या उंचीच्या जेमतेम पावपट दिसते. म्हणजे तुमचं ए-थ्री चित्र त्याच्यासाठी एक चपटी रंगीत पट्टी असते. तीच प्रिंट उभी लावली तर ती पूर्ण दिसते आणि पाय थांबतात.

२०११ मध्ये दिल्लीत कॉमिक कॉन इंडिया सुरू झाली. आता मुंबई-पुण्यातही असे इव्हेंट होतात, शिवाय कॉलेज फेस्ट आणि फ्ली मार्केट्स आहेतच. चित्रं काढणाऱ्या मुलामुलींना तिथे मिळतं एक टेबल आणि एक-दोन खुर्च्या. जपानी कॉमिक्सवाल्यांची पंढरी म्हणजे तोक्योचं कॉमिकेत. तिथे तर एका ग्रुपच्या वाट्याला अर्धंच टेबल येतं, ९० सेंटिमीटर रुंदीचं. मग तिथली मुलं वर जातात. टेबलावर किंवा मागे उभा स्टँड लावतात आणि पोस्टर डोळ्यांच्या रेषेत आणतात. जागा आडवी वाढत नसेल तर उभी वाढवायची, एवढीच ती आयडिया. आम्हीही तेच करायचं ठरवलं.

सामान: नळाच्या दुकानातून

तयार डिस्प्ले स्टँड आमच्या बजेटच्या बाहेर होते आणि लोकलमधून नेण्यासारखेही नव्हते. म्हणून आम्ही गेलो प्लंबिंगच्या दुकानात. पाऊण इंची पीव्हीसी पाइप, तीन मीटरच्या तीन लांब्या मागितल्या. मग टी, एल्बो, एंड कॅप अशी यादी वाचायला लागले. काकांनी विचारलं, "बाथरूम किती आहेत?" "बाथरूम नाही काका, चित्रं लावायचीत." त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे नीट पाहिलं, पण सामान बरोबर दिलं. सगळा खर्च हजाराच्या आत बसला.

यादी अशी: ७४ सेंटिमीटरचे सात तुकडे, ३० सेंटिमीटरचे तीन आणि १५ सेंटिमीटरचे सहा. जोडायला दोन एल्बो, सहा टी, चार तोंडांचा एक क्रॉस आणि सहा एंड कॅप. सगळं एकाच मापाचं आणि एकाच प्रकारच्या पाइपचं घ्या, नाहीतर तोंडं जुळत नाहीत. क्रॉस सगळ्या दुकानांत मिळत नाही, आधी विचारून घ्या. पाइप दुकानदाराने कापून दिला तर उत्तम. घरी कापणार असाल तर लोखंड कापायची करवत पुरते. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर हाताला आणि प्रिंटच्या प्लास्टिकला ओरखडे पडतात.

७४ सेंटिमीटरच का? एक तर तीन मीटरच्या पाइपमधून तसे बरोबर चार तुकडे निघतात. दुसरं म्हणजे ते भावाच्या क्रिकेट किटबॅगमध्ये मावतात. गर्दीच्या वेळी लेडीज डब्यात पाच फुटी दांडा घेऊन चढून बघा, मग या मापाची किंमत कळेल.

जोडणी: दहा मिनिटांची

स्टँडला तीन पाय. प्रत्येक पायाच्या तळाशी एक टी, त्यात पुढे-मागे १५-१५ सेंटिमीटरचे तुकडे आणि टोकांना कॅप. टीच्या वरच्या तोंडात ३० सेंटिमीटरचा तुकडा. त्यावर कडेच्या दोन पायांना टी आणि मधल्याला क्रॉस. या तिघांना जोडणारी आडवी दांडी झाली खालची पट्टी. तिथून तीन ७४ चे तुकडे सरळ वर. माथ्यावर दोन्ही कोपऱ्यांत एल्बो, मध्ये टी आणि वरची आडवी दांडी. झालं! साधारण पाच फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच चौकट तयार. ती टेबलाच्या मागच्या कडेला उभी करायची. वर ए-थ्रीच्या चार प्रिंट्स आणि त्याखाली ए-फाइव्हची एक रांग आरामात बसते. खालचा एक फूट मोकळा राहतो, तिथे पुढे स्टिकर आणि पोस्टकार्डं मांडायची.

पाइप चिकटवायचं सोल्युशन अजिबात लावू नका, स्टँड परत सुटा करायचाय. सांधा ढिला वाटला तर टोकाला मास्किंग टेपचा एक वेढा द्या. प्रत्येक तुकड्यावर आणि जोडावर मार्करने नंबर घाला. सकाळी हॉलमध्ये घाई असते, तेव्हा हे नंबरच वाचवतात.

प्रिंट्स टांगायला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणि लाकडी चिमटे. प्रिंट पारदर्शक पाकिटात घालून पाकिटाला चिमटा लावा, म्हणजे कागदावर वळ उमटत नाही. पाठीमागे एकरंगी कापड हवं. आम्ही साधं मांजरपाट काळं रंगवून घेतलं.

पडू नये म्हणून

पहिल्याच दिवशी दुपारी आमचा स्टँड पडला. शेजारचा पेडेस्टल फॅन सुरू झाला, मागचं कापड शिडासारखं फुगलं आणि सगळी चौकट आमच्या डोक्यावर आली. लागलं नाही कुणाला, पण लाज वाटली. त्यानंतर दोन गोष्टी पक्क्या केल्या. मागच्या प्रत्येक पायाला आणि पुढच्याही, एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधायची. आणि कडेचे दोन पाय सी-क्लॅम्पने टेबलाला आवळायचे. उघड्या मैदानावर स्टॉल असेल तर कापड लावूच नका, हवा आरपार जाऊ द्या. शिवाय आयोजकांना आधीच विचारा की टेबलाचं माप काय आणि किती उंचीपर्यंत लावायला परवानगी आहे. नियम बघून मगच पाइप कापा.

आणखी एक. घरात एकदा रंगीत तालीम कराच. जेवणाच्या टेबलावर स्टँड लावा आणि दहा फूट मागे जाऊन मोबाइलवर फोटो काढा. फोटोत चित्रं ओळखू येतात का? किंमत वाचता येते का? किंमत मोठी लिहा, कारण "कितीला?" असं विचारायला खूप जण लाजतात आणि न विचारताच निघून जातात. क्यूआर कोड मध्यभागी, हाताच्या उंचीवर लावा. सुटे पैसेही ठेवा, गर्दीत नेटवर्क गायब होतं.

दुसऱ्या स्टॉलला आम्ही मुद्दाम जुन्याच प्रिंट्स नेल्या, पहिल्या वेळच्या उरलेल्या छप्पन्न. भावही तोच ठेवला. दोन दिवसांत एकोणतीस गेल्या. श्रीमंत वगैरे झालो नाही, पण भाडं सुटलं, पाइपचे पैसे निघाले आणि येताना दोघींनी स्टेशनबाहेर पोटभर पावभाजी खाल्ली. माझं एक चित्र मात्र तेव्हाही एकानेही घेतलं नाही. लोक थांबले, बघितलं आणि पुढे गेले. ते मला पटलं, कारण या वेळी त्यांनी ते खरंच बघितलं होतं. त्या चित्रावर मी पुन्हा काम करतेय.

स्टँडने चित्र चांगलं होत नाही. पण कुणी न बघताच नापास झालेलं चित्र आणि बघून नाकारलेलं चित्र यात खूप फरक आहे. पहिल्यातून काहीच शिकता येत नाही, नुसती हिंमत जाते. तेव्हा पहिला स्टॉल फसला असेल, तर ब्रश ठेवून देण्याआधी एकदा नळाच्या दुकानात जाऊन या.

मैत्रीण परतीच्या लोकलमध्ये किटबॅगवर बसली होती. दादर येईपर्यंत तिने स्केचबुकची दोन पानं भरली.