किरणं नऊ तारखेलाच का येतात?

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, अंबाबाईच्या पायावर किरणं नऊ तारखेलाच कशी काय येत्यात? रोज का येत न्हाईत?"

किरणोत्सव कोल्हापुरात घराघरात माहीत. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि मग ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, अशी परंपरा. आणि मी आदल्याच दिवशी वर्गाकडून घोकून घेतलं होतं : सूर्य पूर्वेला उगवतो, पश्चिमेला मावळतो. तो रोज एकाच जागी मावळत असता, तर किरणंही रोजच आली असती. माझ्या वाक्यात काय राहून गेलंय ते पोरीनं नेमकं पकडलं होतं.

खडू हातातच होता. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, एवढं फळ्यावर लिहिलं की तास संपला. मुलांनी ते उतरवून घेतलं असतं आणि प्रश्न तिथंच मेला असता. लीलाताई पाटील यांनी याच शहरात १९८५ साली सृजन-आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांनी अनुभवातून शिकावं हा त्यांचा आग्रह मला पटलेला होता, पण पटणं वेगळं आणि तोंडाशी आलेलं उत्तर गिळणं वेगळं. मी खडू खाली ठेवला.

दोन कामं ठरली. घरी एक पायरी किंवा गच्चीचा एक कोपरा कायमचा पकडायचा आणि सूर्य कशामागे जातो ते चित्रात मांडायचं. सूर्याकडे टक लावायची नाही. झाड बघायचं, टाकी बघायची. शाळेत मैदानावर एक मीटरची काठी रोवायची आणि दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजायची. कोल्हापुरात ती बाराला पडत नाही, साडेबाराच्या आसपास पडते. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आहे, आपण ७४ च्या जवळ राहतो. हे कळायलाही आम्हाला चार दुपारी लागल्या.

१० नोव्हेंबरला सावली ६७ सेंटीमीटर. मग ती वाढत गेली आणि घरच्या चित्रांत सूर्य डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकत गेला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ८४ वर येऊन जणू अडकली. आठवडाभर तोच आकडा. "बाई, आमचं कायतरी चुकायलंय," पोरं हिरमुसली. मी काही बोलले नाही. (सगळ्यात अवघड काम तेच होतं.) जानेवारीत सावली आखडायला लागली, सूर्य उजवीकडे परतू लागला. १ फेब्रुवारीला पुन्हा ६७.

ती मुलगी कालनिर्णय घेऊन बसली. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, ४१ दिवस. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी, ४२ दिवस. बोट तारखेवर तसंच ठेवून म्हणाली, "म्हंजे जाताना एकदा दारासमोर येतोय आणि परतताना एकदा!" किरणोत्सव वर्षातून दोनदा का, ते तिनं स्वतः शोधलं होतं. पृथ्वीचा कललेला आस मी त्यानंतर सांगितला, तेव्हा वर्ग कान देऊन ऐकत होता.

त्यातून एकानं पेच टाकलाच : उत्तरायण संक्रांतीला लागतं म्हणतात, मग आपली सावली डिसेंबरातच कशी फिरली? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय हळू डुलतो, त्यामुळे हे दोन दिवस शतकानुशतकं एकमेकांपासून लांब जात राहिले. चौथीला हे जड होतं. प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

सावली मार्चात, एप्रिलात आखडतच गेली. ती पार नाहीशी होईल का, यावर वर्गात पैजा लागल्या. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या ६-७ तारखेला आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टात आपल्याकडे आभाळ फाटलेलं असतं, आणि मे म्हणजे सुट्टी. तरी सुट्टीत उन्हातान्हाची अकरा पोरं आली. एकानं उपडी बादली मांडली, एक स्वतःच उभा राहिला. साडेबाराला बादलीची सावली बादलीखाली गेली, काठीची काठीत मुरली. "गेली की ओ बाई!"

एकाचा मामा पुण्यात. त्यानंही गच्चीवर काठी लावली होती. माझ्या फोनवरून पोरानं विचारलं, "गेली काय?" मामा म्हणाला, गेली नाही, तीनेक सेंटीमीटर उरलीय. सगळी गप्प झाली. सूर्य एक, वेळ जवळपास एक, मग पुण्यात सावली उरतेच कशी?

पोरानं फोन पुन्हा तोंडाशी धरला. "मामा, काठी काढू नको. रोज मोज. जाईल त्या दिवशी फोन कर."

आठवड्यानं फोन आला.