दाणा पायाशी, भुसा दूर : फवारणीआधी वारा ओळखा

खळ्यावरची उपणणी आता यंत्राने होते. पण ज्यांनी तिवईवर उभे राहून पाटीने धान्य उपणले आहे, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. पाटी एक, वारा एक, तरी दाणा पायाशी पडतो आणि भुसा दहा-बारा फूट लांब जातो. हीच गोष्ट आज सावदा, फैजपूर, रावेर, यावल या पट्ट्यात पाठीवरचा पंप किंवा ट्रॅक्टरचा फवारा चालवताना आपण विसरतो. खळ्यावर उडायचा तो भुसा. फवारणीत उडते ते विष, आणि ते पडते कधी शेजाऱ्याच्या कपाशीवर, तर कधी आपल्याच तोंडावर.

वस्तू हलकी का उडते?

हवा नसती तर दाणा आणि भुसा एकाच वेळी खाली आले असते. 1971 साली अपोलो 15 मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले, आणि दोन्ही बरोबरच जमिनीला लागले. चंद्रावर हवा नाही. आपल्याकडे आहे, म्हणून पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला ती खालून अडवते. वजन खाली ओढते, हवा रोखते. दोघांचा जोर सारखा झाला की वस्तूचा वेग वाढायचा थांबतो आणि ती ठरावीक गतीने पडत राहते.

थेंबाची जाडी दुप्पट केली की हवेला अडणारा त्याचा पसारा चौपट होतो, पण वजन मात्र आठपट होते. म्हणून मोठा थेंब झपकन खाली येतो आणि बारीक थेंब तरंगत राहतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब सेकंदाला साधारण पाऊण ते एक फूट पडतो. त्याच्या चौपट जाडीचा थेंब सेकंदाला पाच फुटांच्या आसपास पडतो.

आता हिशेब करून बघा. नोझल पिकाच्या वर दीड फुटावर आहे. वारा ताशी सात किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दोन मीटर. मोठा थेंब पाव-अर्ध्या सेकंदात पानावर बसतो, तेवढ्यात तो फार तर दोन फूट सरकतो. बारीक थेंबाला पोहोचायला दोन सेकंद लागतात, तोवर तो चार मीटर बाजूला गेलेला असतो. नोझलच्या दाबाने थेंबाला सुरुवातीला थोडा जोर मिळतो, त्यामुळे आकडा कमी-जास्त होईल. पण फरक केवढा आहे ते लक्षात येते.

झोताची गोम

वारा एकसारखा असेल तर माणूस सावरून घेतो. फसवतो तो मधूनच येणारा झोत. जड दाण्याला वाऱ्याची गती पकडायला वेळ लागतो, तोवर झोत निघून जातो आणि दाणा जवळच पडतो. बारीक थेंब मात्र क्षणात झोताबरोबर धावू लागतो. वरच्याच हिशेबात वारा सेकंदाला पाच मीटर झाला, तर चार मीटरचे दहा मीटर होतात. म्हणजे बांध ओलांडून शेजाऱ्याच्या चार-पाच ओळी!

शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी 20 किलोमीटरचा वारा 60 वर गेला, तर रेटा नऊपट. वैशाख-ज्येष्ठातल्या वावटळीत घड लागलेली केळी का मोडून पडते, त्याचे उत्तर इथेच आहे. वरती घडाचे ओझे, त्यावर पानांचे शीड, आणि खाली पोकळ पापुद्र्यांचे खोड.

केळीवर करप्याची फवारणी करताना तर थेंब आधी वर फेकावे लागतात आणि मग ते खाली येतात. जितकी उंची जास्त, तितका वाऱ्याला वेळ जास्त. ड्रोनचेही तसेच. पंख्यांचा झोत थेंबांना खाली दाबतो हे खरे, पण उंची वाढवली की तो फायदा कमी होतो.

किंमत कोण मोजतो?

ऊस, गहू किंवा मका यांतल्या तणासाठी वापरायचे टू-फोर-डी हे औषध कपाशीला फार लवकर बाधते. थोडे थेंब उडाले तरी कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली, अरुंद होतात. काही प्रकारांत उन्हात त्याची वाफही दूर जाते. यातून भाऊबंदकीची भांडणे होतात.

माणसाच्या जिवाचे तर विचारूच नका. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि कित्येक घरांतला कर्ता गेला. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत उभे राहून फवारले की उडालेला फवारा श्वासातच येतो. त्यात वारा समोरून असेल तर विचारायलाच नको.

काय कराल?

यंत्र नसले तरी वारा मोजता येतो. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी 1805 मध्ये वाऱ्याची प्रतवारी केली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. तोंडाला वारा जाणवतो, पाने सळसळतात, तेव्हा वेग ताशी 6 ते 11 किलोमीटर असतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या की 12 च्या वर. धूळ-कागद उडू लागले की 20 च्या वर. पहिली खूण दिसते तोवर फवारा. दुसरी दिसली की पंप खाली ठेवा.

वारा अगदीच पडलेला असेल तरी घाई नको. पहाटेच्या स्तब्ध थंड हवेत बारीक थेंब धुक्यासारखे लटकून राहतात आणि नंतर भलतीकडे जातात. दुपारी जमीन तापून झोत सुटतात आणि थेंब वाळून आणखी बारीक होतात. म्हणून ऊन चढण्याआधीची सकाळ किंवा कलती दुपार बरी.

दाब गरजेपुरता ठेवा. जास्त दाब म्हणजे जास्त धुके. तणनाशकाला मोठा थेंब देणारे नोझल वापरा, ते पिकाच्या जवळ धरा आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. वाऱ्याला पाठ देऊन चाला आणि शेजाऱ्याच्या बाजूचा पट्टा सोडा. केळीभोवती लावलेली शेवरी किंवा गजराज गवत वाऱ्याचा जोर तोडते, तसेच उडालेले थेंबही अडवते. ती तोडू नका.

गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावे. उडालेल्या औषधाचे नुकसान बहुधा बांधालगत जास्त आणि आत जाताना कमी होत जाते. रोगाचे तसे असेलच असे नाही. तक्रार आली तर फवारणीची तारीख, वेळ, औषधाचे नाव आणि वाऱ्याची दिशा आधी लिहून घ्या. चार दिवसांनी वाऱ्याची दिशा कोणाला आठवत नाही, भांडण मात्र चार वर्षे चालते.

आपल्या आजोबांनी वारा आल्याशिवाय पाटी उचलली नाही. आपण वारा पाहिल्याशिवाय पंप उचलू नये, एवढेच.