समाज, इतिहास आणि भाषा यांच्या संशोधनाचा सरकारी पैसा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतील संशोधनाला भारतात सार्वजनिक निधी मुख्यतः तीन रूपांत मिळतो: संशोधकाच्या निर्वाहासाठी दरमहा फेलोशिप, ठरावीक अभ्यासासाठी प्रकल्प-अनुदान आणि संशोधनसंस्था चालवण्यासाठी संस्थेला दिले जाणारे अनुदान. चेन्नईत ही तिन्ही रूपे एकाच शहरात पाहायला मिळतात. अड्यारमध्ये मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज म्हणजे ‘मिड्स’ ही संस्था आहे, तिथून जवळच आयआयटी मद्रासचा मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे विभाग आहे, चेपॉकला १८५७ साली स्थापन झालेले मद्रास विद्यापीठ आहे, तर शहराच्या दक्षिणेला पेरुम्बाक्कम इथे केंद्रीय अभिजात तमिळ संस्था आहे. या चारही ठिकाणी सार्वजनिक पैसा येतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याची वाट आणि अटी वेगळ्या आहेत. ही वाट माहीत नसल्यामुळे होतकरू संशोधक एक तर अर्जच करत नाहीत, नाही तर चुकीच्या दारात वर्ष घालवतात. सर्वाधिक आढळणारे गैरसमज पुढे क्रमाने घेतले आहेत.

गैरसमज १: सरकार पैसा देते तो विज्ञानाला, समाजशास्त्र, इतिहास, भाषा यांना कोणी विचारत नाही.

वस्तुस्थिती: या विषयांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था अर्धशतकापासून आहेत. अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (आयसीएसएसआर) स्थापन झाली. तिच्या उभारणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष होते आणि कोल्हापूर जिल्ह्यातले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक पहिले सदस्य-सचिव. त्यानंतर १९७२ मध्ये भारतीय इतिहास संशोधन परिषद आणि १९७७ मध्ये भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषद आली. सिमल्याची भारतीय प्रगत अध्ययन संस्था तर त्याआधीची, १९६५ सालची आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कनिष्ठ संशोधन फेलोशिपची, म्हणजे जेआरएफची मासिक रक्कम सर्व विद्याशाखांना सारखीच आहे. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षे वरिष्ठ फेलो म्हणून ४२,००० रुपये मिळतात. पाच वर्षे पूर्ण केली तर ही रक्कम २४ लाख रुपये होते. शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता वेगळा मिळतो.

भेदभाव अजिबात नाही असे मात्र म्हणता येत नाही. पुस्तके, प्रवास, छायाप्रती, टंकलेखन यांसाठीचे आकस्मिक अनुदान मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये आहे. विज्ञानशाखेला हेच आकडे १२,००० आणि २५,००० आहेत. पाच वर्षांत हा फरक १७,५०० रुपयांचा होतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा लागते हे खरे. पण गावोगाव फिरून मुलाखती घेणाऱ्या किंवा एग्मोरच्या तमिळनाडू अभिलेखागारात महिनोन्‌महिने बसणाऱ्या संशोधकाचा खर्च त्याहून कमी असतो, हे गृहीतक टिकणारे नाही.

गैरसमज २: पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की फेलोशिप आपोआप सुरू होते.

वस्तुस्थिती: प्रवेश आणि फेलोशिप या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जेआरएफ ज्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) मिळते, तिच्यातही २०२४ पासून तीन स्तर झाले आहेत: जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. फेलोशिपचा हक्क फक्त पहिल्या स्तराला आहे. नेटविना पीएच.डी. करणाऱ्यांसाठीची दरमहा ८,००० रुपयांची फेलोशिप केंद्रीय विद्यापीठांत मिळते. मद्रास किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठांतल्या विद्यार्थ्याला ती गृहीत धरता येत नाही.

याला मोठा अपवाद आयआयटीचा आहे. आयआयटी मद्रासमध्ये अर्थशास्त्र, इंग्रजी, तत्त्वज्ञान किंवा विकास-अभ्यास या विषयांत नियमित पीएच.डी. करणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासारखेच अर्धवेळ संशोधन-सहायकपद मिळू शकते. त्याबदल्यात आठवड्याचे काही तास अध्यापनाला किंवा विभागाच्या कामाला द्यावे लागतात. ‘आयआयटी म्हणजे फक्त इंजिनिअरिंग’ या समजामुळे अनेक मराठी विद्यार्थी या पर्यायाकडे वळतच नाहीत.

गैरसमज ३: जेआरएफ हुकली की बाकीची दारे बंद.

वस्तुस्थिती: जेआरएफ हे सर्वांत मोठे दार आहे, एकमेव नाही. आयसीएसएसआर पीएच.डी. करणाऱ्यांसाठी पूर्णकालीन आणि अल्पकालीन, तसेच पीएच.डी.नंतर आणि ज्येष्ठ अभ्यासकांसाठी फेलोशिप देते. इतिहास आणि तत्त्वज्ञान परिषदांच्याही स्वतंत्र फेलोशिप आहेत. एकुलत्या एक मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप आहे. संस्कृती मंत्रालय साहित्य, लोककला, संगीत अशा क्षेत्रांतल्या कामासाठी कनिष्ठ आणि वरिष्ठ फेलोशिप देते.

राज्य सरकारांच्या योजना याशिवाय आहेत. तमिळनाडूत मुख्यमंत्री संशोधन फेलोशिप कला, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांनाही खुली आहे. तिची पात्रता परीक्षा राज्याच्या शिक्षक भरती मंडळाने घेतली. तिथला आदि द्रविडर कल्याण विभाग पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १ लाख रुपयांची शिष्यवृत्ती देतो. महाराष्ट्रात पुण्याच्या बार्टी आणि सारथी, तर नागपूरची महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना फेलोशिप देतात. किती जणांना ती द्यायची या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना आंदोलनेही करावी लागली. राज्याच्या योजनांत जात-प्रवर्ग, उत्पन्न आणि रहिवास यांच्या अटी असतात. त्यामुळे चेन्नईत शिकणाऱ्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने दोन्ही राज्यांचे नियम आधी वाचून घ्यावेत. एका राज्याचा रहिवास आणि दुसऱ्या राज्यातले विद्यापीठ यांत अर्ज अडकू शकतो.

गैरसमज ४: अनुदान म्हणजे हातात आलेला पैसा, तो कसा खर्च करायचा हे संशोधकाने ठरवावे.

वस्तुस्थिती: फेलोशिप संशोधकाच्या खात्यात जमा होते, पण तीसुद्धा बिनअटीची नसते. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये उमेदवार त्या महिन्यात काम करत होता याची पुष्टी विद्यापीठाला पोर्टलवर करावी लागते. एक कर्मचारी नोंद भरतो, दुसरा ती तपासून मंजूर करतो. कार्यालयात त्यांना ‘मेकर’ आणि ‘चेकर’ म्हणतात. यांपैकी एकाची बदली झाली किंवा पासवर्ड बंद पडला, तर महिनोन्‌महिने पैसे अडकतात. ‘दिल्लीहून पैसे येत नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा आपल्याच विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत सुटणारी असते. दोन वर्षांनंतर कनिष्ठचा वरिष्ठ फेलो होण्यासाठी समितीपुढे कामाचे मूल्यमापन होते. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत.

प्रकल्प-अनुदान तर संशोधकाला नव्हे, त्याच्या संस्थेला मिळते. ते हप्त्यांनी येते. पुढच्या हप्त्याआधी प्रगती-अहवाल आणि पैसा मंजूर कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि शेवटचा हप्ता अंतिम अहवाल स्वीकारल्यानंतर सुटतो. प्रकल्पातून घेतलेला संगणक, ध्वनिमुद्रक किंवा ग्रंथ प्रकल्प संपल्यावर संस्थेचे होतात. क्षेत्रकार्य, सहायकाचे मानधन, साहित्य अशा शीर्षांखाली मंजूर झालेली रक्कम परवानगीशिवाय एका शीर्षातून दुसऱ्यात वळवता येत नाही. म्हणून अर्जातले अंदाजपत्रक घाईने न भरता गावांची संख्या, मुक्कामाचे दिवस आणि प्रवास यांचा हिशेब मांडून भरणे हेच संशोधकाच्या हिताचे असते.

गैरसमज ५: सारे काही दिल्लीतून चालते, प्रादेशिक संस्थांना वाव नाही.

वस्तुस्थिती: ‘मिड्स’चे उदाहरण याच्या उलट आहे. युनेस्कोचे माजी उपमहासंचालक माल्कम आदिशेषय्या यांनी १९७१ साली ती खासगी प्रयत्नाने सुरू केली. १९७७ पासून तिला राष्ट्रीय संशोधनसंस्थेचा दर्जा मिळाला आणि आयसीएसएसआर व तमिळनाडू सरकार मिळून तिला अनुदान देऊ लागले. व्यक्तीच्या पुढाकाराला केंद्र आणि राज्य दोघांनी आधार द्यायचा, हे सूत्र देशातल्या इतर अनेक संशोधनसंस्थांना लागू आहे. जे. पी. नाईकांनी स्थापलेली पुण्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन त्यांपैकीच एक. आयसीएसएसआरची प्रादेशिक केंद्रेही आहेत: पश्चिम विभागाचे मुंबई विद्यापीठात, दक्षिण विभागाचे हैदराबादला.

गैरसमज ६: असल्या संशोधनाचा समाजाला उपयोग शून्य.

वस्तुस्थिती: तमिळनाडूतल्या विळुप्पुरम जिल्ह्यातले इरुवेलपट्टू हे गाव याचे उत्तर देते. मद्रास विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ साली विद्यार्थ्यांना गावांची पाहणी करायला लावली आणि १९१८ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या गावांत इरुवेलपट्टू होते. १९३०च्या दशकात मद्रास विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्या गावांची फेरपाहणी केली, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मिड्स’चे एस. गुहन आणि मानवशास्त्रज्ञ जोन मेन्चर इरुवेलपट्टूला गेले आणि २००८ मध्ये पुन्हा एक अभ्यास झाला. नव्वदहून अधिक वर्षांच्या या नोंदींमुळे जमीनदार घराण्याची पकड कशी सैल झाली, दलित मजुरांचे अवलंबित्व कसे कमी झाले आणि सरकारी कल्याणयोजनांनी काय बदलले, हे पुराव्यानिशी सांगता येते. महाराष्ट्रात असेच काम हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये केले. ते १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आज पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत हरवलेल्या त्या गावाची शेती, कर्जे आणि मजुरी त्या पुस्तकामुळेच कळते. एका माणसाच्या हयातीपेक्षा लांब चालणारे असे अभ्यास विद्यापीठे आणि सार्वजनिक संस्था टिकून राहिल्या तरच होतात.

गैरसमज ७: भाषेला अभिजात दर्जा मिळाला की संशोधकांना निधी सुरू होतो.

वस्तुस्थिती: ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून ही अपेक्षा मराठीत मोठी आहे. त्यामुळे तमिळचा अनुभव नीट पाहायला हवा. तमिळला हा दर्जा २००४ मध्ये, सर्वांत आधी मिळाला. त्यानंतर २००६ मध्ये मैसूरच्या भारतीय भाषा संस्थेत तमिळसाठी केंद्र सुरू झाले, २००८ मध्ये ते स्वतंत्र संस्था म्हणून चेन्नईला आले आणि पेरुम्बाक्कमची स्वतःची इमारत मिळायला २०२२ साल उजाडले. या संस्थेचा भर प्राचीन तमिळवर, म्हणजे इसवी सन ६००पर्यंतच्या ४१ ग्रंथांवर आहे. फेलोशिप आणि प्रकल्प याच चौकटीत दिले जातात, चिकित्सक आवृत्त्याही याच चौकटीत काढल्या जातात. आधुनिक तमिळ कादंबरीच्या अभ्यासकाला दुसरी वाट शोधावी लागते. दर्जा म्हणजे पात्रता. संस्था, पदे आणि योजना मिळवण्यासाठी राज्य सरकार, विद्यापीठे आणि अभ्यासकांना त्यानंतर वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो.

गैरसमज ८: विषय निवडण्याचे स्वातंत्र्य पूर्ण असते, किंवा, सरकारविरोधी विषय मंजूरच होत नाही.

वस्तुस्थिती: दोन्ही टोके चूक आहेत. अर्जांची छाननी तज्ज्ञ समित्या करतात आणि अनेक योजनांत विषय खुला असतो. पण काही योजनांचे विषय आधीच ठरलेले असतात. २०१८ साली ४१४ कोटी रुपयांची तरतूद करून आलेली ‘इम्प्रेस’ योजना धोरणोपयोगी संशोधनासाठी होती. नियमांतूनही विषय वगळले जातात. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२-२३च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय बाद केले गेले. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सर्व ज्ञानशाखांसाठी राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान सुचवले होते; २०२३च्या कायद्याने आलेल्या ‘अनुसंधान’ प्रतिष्ठानाच्या कक्षेत मात्र मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे जोडली जातात तेवढ्यापुरतीच आली. निधीचा खरा कल एखाद्या फेटाळलेल्या अर्जापेक्षा अशा कलमांत अधिक स्पष्ट दिसतो.

या सर्व योजनांच्या रकमा, वयोमर्यादा आणि मुदती बदलत असतात. म्हणून त्या-त्या वर्षाची मूळ जाहिरात हाच अंतिम आधार मानावा. ऐकीव माहितीवर अर्ज भरू नये आणि ऐकीव माहितीवर तो सोडूनही देऊ नये. सार्वजनिक निधी हा उपकार नाही. समाजाने स्वतःला समजून घेण्यासाठी बाजूला काढलेला तो पैसा आहे. पात्र संशोधकांनी तो मागितलाच पाहिजे, त्याचा चोख हिशेब दिला पाहिजे, आणि जिथे नियम ज्ञानाचा एखादा भाग बाहेर ठेवतात तिथे त्याबद्दल जाहीरपणे विचारणा केली पाहिजे.